ओइवाचा मासा

"काल रात्री मात्र तुम्ही लवकर थांबलात," लिफ्टमध्ये सालोकांगासबाई काउकोला म्हणाल्या आणि चौथ्या मजल्याचं बटण दाबून दाराकडे बघत उभ्या राहिल्या. काउकोला आधी वाटलं, त्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलताहेत. पण लिफ्टमध्ये तो होता, बाई होत्या आणि बाईंच्या पिशवीतून डोकं वर काढलेली शेपूची जुडी होती. तेव्हा त्याने विचारलं, "कशात थांबलो?"

"बोलण्यात. तुमची झोपायची खोली आणि माझी, मध्ये भिंत म्हणजे नावालाच. तुम्ही झोपेत बोलता ना, ते येतं ऐकू. तक्रार करत नाहीये हं मी. माझा रेडिओ बिघडल्यापासून मला तुमचीच सोबत झाली आहे. आवाज चांगला आहे तुमचा. दिवसा कधी ऐकायला मिळत नाही."

"काय बोलतो मी?"

"शब्द नीट कळत नाहीत. हाउकी, हाउकी असं काहीतरी असतं. मासेमारीचंच असेल. मध्येच हसताही तुम्ही." लिफ्ट थांबली. बाई बाहेर पडल्या, आणि वळून अगदी मायेने म्हणाल्या, "दहाच्या सुमाराला झोपत जा. मग मला पूर्ण ऐकायला मिळतं."

लिफ्टचं दार लागलं आणि काउको आपल्याच मजल्यावर उतरायचं विसरून पुन्हा तळमजल्यावर आला. लिफ्टच्या आरशात त्याचं तोंड होतं. इतक्या वर्षांत त्याने आपलं तोंड असं कधी बघितलं नव्हतं. दाढी करताना आपण गाल बघतो, हनुवटी बघतो, तोंड बघत नाही. मिटलेलं, जरासं डावीकडे ओढलेलं, सभ्य तोंड. या तोंडावर त्याची सगळी अब्रू उभी होती. काउको बोलत नाही, ही गोष्ट ताम्पेरे शहरातल्या त्याच्या ओळखीच्या सर्वांना ठाऊक होती, आणि आपल्या देशात, जिथे मुळात कुणी फारसं बोलत नाही, तिथे अशी ख्याती मिळवायची म्हणजे चेष्टा नव्हे. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत तो भिंगं घासत असे आणि लोक येऊन त्याच्या स्टुलाशेजारच्या खुर्चीवर बसत. सुट्टीला गावी जाताना शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी तशी ते त्याच्यापाशी गुपितं ठेवून जात. दुकानाच्या मालकाने त्याला सांगितलं होतं की भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ मालकाला स्वतःलाच कधी वाचता आलेली नाही, ती त्याने पाठ केली आहे. चर्चच्या पाद्रीबाबांनी सांगितलं होतं की अंत्ययात्रा एक वेळ परवडल्या, त्यांना खरा कंटाळा लग्नांचा येतो. त्याच्या बायकोच्या, सिर्काच्या, मावशीने आपल्या नवऱ्याचा लाडका कोट स्वतःच्या हातांनी कसा जाळला, हे सांगून वर त्याच्याकडूनच रुमाल मागून घेतला होता. यातल्या एकानेही 'कुणाला सांगू नकोस' असं म्हटलं नव्हतं. कपाटाला कुणी असं सांगत नाही. आणि आता हे कपाट रात्री आपोआप उघडत होतं. हाउकी, म्हणजे तळ्यातला तो दातेरी मासा, हे मासेमारीचं काहीतरी, असं सालोकांगासबाईंना वाटत असलं तरी ती हाउकी कुठली, हे त्याला नीट माहीत होतं. ती ओइवाची, त्याच्या मेव्हण्याची होती. आणि येत्या शनिवारी तो ओइवाबरोबर उत्तरेच्या तळ्यावर, एका तंबूत, आठवडाभर झोपणार होता.

घरी आल्यावर त्याने सिर्काला विचारलं, "मी झोपेत बोलतो?"

"मला काय माहीत?" सिर्का बटाटे सोलत होती. "मी दुसऱ्या खोलीत, कानात मेणाचे बोळे घालून झोपते. तेही घोरण्यासाठी. बोलण्यासाठी कुठले बोळे मिळतात का बघायला हवं." मग तिने थोडा विचार केला. "लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा बोलला होतास. 'दार लावून घ्या' म्हणालास. मी उठून बघितलं तर दार लावलेलंच होतं."

"या वर्षी तळ्यावर नाही गेलो तर?"

सिर्काने सुरी खाली ठेवली. "आणि ओइवाला काय सांगू? तो बर्फ वितळायच्या आधीपासून सामान बांधतोय."

"सांग, माझी पाठ धरली आहे."

"मग तो इथे येईल. पाठ चोळायला. आठवडाभर इथे बसून बोलेल, काउको. इथे, या स्वयंपाकघरात." तिने पुन्हा बटाटा उचलला. विषय संपला.

ओइवा हा सिर्काचा धाकटा भाऊ. देवाने या देशाला दिलेलं बोलणं चुकून एकाच माणसाच्या पदरात सांडलं असावं, असा माणूस. शहरात त्याचं गळ, दोऱ्या, जाळी विकायचं दुकान होतं आणि गल्ल्यावरच्या भिंतीवर लाकडी फळीला ठोकलेलं एका हाउकीचं डोकं होतं. जबडा वासलेला, दात करवतीसारखे, डोळ्यांच्या जागी काचेचे मणी. हे मणी काउकोनेच घासून दिले होते. ओइवा नऊ वर्षांचा असताना त्याने हा मासा एकट्याने ओढून काढला, आणि ही कथा ऐकल्याशिवाय त्याच्या दुकानातून कुणाला गळाला बांधायचं साधं बूच घेऊन बाहेर पडता येत नसे. काउकोने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मासा सात किलोंचा होता. मेल्यावरही तो वाढत राहिला होता. अलीकडे तो अकरा किलोंवर गेला होता आणि झुंज अर्ध्या तासावरून दुपारभर लांबली होती. पण घरातल्यांना या कथेचा आणखी एक भाग माहीत होता, जो ओइवा गिऱ्हाइकांना सांगत नसे. लहानपणी ओइवा बोलतच नव्हता. तोतरा होता, पहिल्या अक्षरावर अडकायचा आणि लाजून गप्प व्हायचा. शाळेत त्याला सगळे मुका म्हणत. त्या दिवशी मासा हातात धरून तो घरी आला, दारातच सुरू झाला, एकदाही अडखळला नाही, आणि त्यानंतर आजतागायत थांबलेला नाही. सासूबाई डोळे पुसत हे सांगायच्या. हाउकीने माझ्या पोराच्या जिभेची गाठ सोडवली, म्हणायच्या.

आणि मग सासरे. ईवारी. बुटांच्या कारखान्यात चामडं कापण्यात जन्म घालवलेला, पाण्याला घाबरणारा, जावयासारखाच न बोलणारा माणूस. दोघं सौनात जाऊन बसायचे. तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं, वाफ अंगावर घ्यायची, घाम टिपायचा, निघायचं. असल्या मौनाला जी खोली असते ती बोलण्याला कधी येत नाही, असं काउकोला वाटायचं. म्हणजे त्या दिवसापर्यंत वाटायचं. सासऱ्यांच्या शेवटच्या शरदात, वरच्या फळीवर बसलेले असताना, ईवारी पलीकडच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तो मासा मीच लावला होता गळाला. पोरगं झाडामागे गेलं होतं." आणि त्यांनी दगडांवर डावभर पाणी टाकलं. वाफेत त्यांचं तोंड दिसेनासं झालं. एवढंच. दोन वाक्यं. नाताळाच्या आधी ते गेले, आणि ती दोन वाक्यं काउकोच्या पोटात राहिली. त्याला ती कधी जड वाटली नव्हती. ओइवा भिंतीवरच्या डोक्याकडे हात करून "दुपारभर, लोकहो," म्हणायचा तेव्हा काउको तिथे स्टुलावर बसून मान डोलवायचा, आणि आत कुठेतरी ती दोन वाक्यं शांतपणे सासऱ्यांसारखी भिंतीकडे बघत बसलेली असायची. आता मात्र रात्री ती उठून बाहेर पडत होती.

शनिवारी सकाळी ओइवाची गाडी दाराशी आली. काउकोने आपला स्वतःचा छोटा तंबू गाडीत ठेवला. ओइवाने तो बाहेर काढून जिन्यात ठेवला. "दोन तंबू कशाला? माझा नवा बघ तरी. आपण दोघं अगदी गळ्यात गळा घालून मावतो."

"मी घोरतो," काउको म्हणाला.

"मला माहीत आहे. मी तुझ्या घोरण्यावरून हवा सांगतो."

उत्तरेचा रस्ता दिवसभराचा. ओइवा ताम्पेरेपासून बोलत होता. जंगलं आली, दलदली आल्या, रस्त्यात रेनडिअरचा कळप उभा राहिला, त्यांच्याशीही तो काच खाली करून बोलला. काउको खिडकीतून बघत होता आणि डोक्यात एकच चक्र चालू होतं: न झोपता माणूस किती दिवस राहू शकतो? आठवडा? नौदलातले लोक राहत असतील. दुसरं चक्र त्याहून विचित्र होतं. त्याच्यापाशी सगळ्यांची गुपितं होती, हे खरं. पण ती शोधता शोधता तो स्वतःच्या गुपितांपाशी पोचला आणि तिथे काहीच नव्हतं. त्याने नीट शोधलं. लग्नाआधी एका मुलीला पत्र लिहून ते टाकलं नव्हतं, पण पत्रात हवामानच होतं. एकदा दुकानातून चुकून दुसऱ्याची छत्री आणली होती, ती परत केली होती. इतकी वर्षं तोंड बंद ठेवून आत आपलं स्वतःचं म्हणून काही साठलेलंच नाही, ही गोष्ट त्याला रोवानिएमी गाव मागे पडल्यावर कुठेतरी जाणवली, आणि त्याला एकदम भाड्याने दिलेल्या घरासारखं वाटायला लागलं. ओइवा तेव्हा सांगत होता की डिझेल कुठे स्वस्त मिळतं.

तळ्यापर्यंत रस्ता जात नाही. पायवाटेने सामान वाहून, ओइवाने आधीच बोलून ठेवलेल्या होडीतून पलीकडच्या किनाऱ्याला, खडकांच्या जिभेवर तंबू ठोकला. जुलैचे दिवस, सूर्य मावळायचं नावच घेत नव्हता. झोपायच्या वेळेला तो तळ्याच्या कडेशी येऊन थोडा रेंगाळायचा आणि कामावर परत आलेल्या माणसासारखा पुन्हा वर चढायचा. काउकोला हे सोयीचं वाटलं. उजेडात जागं राहणं सोपं. पहिल्या रात्री तो जेवण झाल्यावर लगेच म्हणाला, "मी जरा जाळं बघून येतो," आणि ओइवा घोरायला लागेपर्यंत किनाऱ्यावर बसला. डास होते. डासांशी त्याचं कधी वैर नव्हतं, पण इथल्या डासांचा सगळा हिवाळाभराचा उपास त्याच्यावर सुटत होता. पहाटे म्हणावं अशा वेळी (पहाट कुठली, उजेड तोच) ओइवा बाहेर आला आणि त्याला दगडावर ताठ बसलेला बघून खूश झाला. "अरे वा, लागलं वेड शेवटी तुला. मी सिर्काला म्हणायचोच, हा एक दिवस खरा मासेवाला होणार."

दुसऱ्या दिवशी काउकोने कॉफीची किटली विस्तवात सोडून दिली. तिसऱ्या दिवशी त्याने सॉसेज समजून गळाचं लाकडी बूच भाजायला ठेवलं, आणि ओइवाने ते बाजूला काढताना एक चुलत भाऊ बूच खाऊनही कसा जगला याची लांबलचक हकीकत सांगितली. कधी डोळा लागलाच तर तंबूत, म्हणून काउकोने औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी काढून तोंडावर आडवी लावली. ओइवाने ती बघितली.

"हे काय?"

काउकोने पट्टीचं एक टोक उचललं. "ओठ फुटतात."

"चरबी लाव. रेनडिअरची. माझ्या एका गिऱ्हाइकाने लावली, त्याचे ओठ असे झाले की बायको पुन्हा प्रेमात पडली." आणि गिऱ्हाइकाची बायको कोण, तिचं माहेर कुठलं, हे पुढे बराच वेळ चाललं. पट्टीमागे काउकोचे डोळे मिटत होते आणि तो स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होता. त्या आवाजाचा ओघ कानाशी वाहत होता, वर्षानुवर्षं वाहत आलेला, आणि त्या ओघाच्या तळाशी, पार तळाशी, त्याला काहीतरी हललेलं जाणवलं. पण इतकी झोप आलेली असताना माणसाला काहीही हललेलं दिसतं.

चौथ्या दिवशी दुपारी ते होडीत होते. वारा पडला होता. पाणी तेलासारखं, आणि होडीच्या बुडाला लहान लहान लाटा थोपटल्यासारख्या लागत होत्या. ओइवा पुढच्या टोकाला बसून चमच्यासारख्या गळाची पितळी बाजू आणि चांदीची बाजू यांतला फरक समजावत होता. पितळी बाजू ढगाळ हवेत, चांदीची उन्हात, म्हणजे काही लोक उलटं म्हणतात, पण ते लोक... काउकोने वल्ह्यावर हनुवटी टेकवली. फक्त टेकवली.

जाग आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं. नुकतंच एखादं वाक्य निघून गेल्यावर जिभेवर त्याची जागा रिकामी राहते, तशी ती रिकामी होती. सूर्य दुसरीकडे गेला होता. ओइवा पुढच्या टोकाला, काउकोकडे पाठ करून बसला होता, गळ पाण्यात होता, आणि ओइवा गप्प होता. काउको थांबला. माणूस श्वास घ्यायला थांबतो, नाक शिंकरायला थांबतो. ओइवाने श्वास घेतला, नाक शिंकरलं, आणि तरी तो गप्प होता. मग त्याच्या गळाला मासा लागला, चांगला कोपराएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा. ओइवाने तो ओढला, सोडवला, बादलीत टाकला, आणि वजनाचा आकडा सांगितला नाही.

तेव्हा काउकोला कळलं की सर्वनाश झाला आहे.

संध्याकाळी ओइवाने मासे साफ केले, लोण्यात तळले, काउकोच्या ताटात मोठा तुकडा घातला. "मीठ," तो म्हणाला. संबंध जेवणात एवढाच शब्द. राईच्या पावाचा तुकडा तोडताना तो तळ्याकडे बघत होता आणि एरवी सदा हलणारी त्याची हनुवटी जागच्या जागी होती. काउकोने आपला तुकडा ताटाच्या कडेला सरकवला. त्याला शाळेच्या मैदानाच्या कडेला उभा असलेला, ओठ मिटलेला एक मुलगा दिसत होता. त्याने त्याला कधी बघितलं नव्हतं, सासूबाईंच्या तोंडून फक्त ऐकलं होतं, आणि आता तो समोर बसून माशाचे काटे काढत होता. एका माशाने जिभेची गाठ सोडवली, तर तोच मासा काढून घेतल्यावर ती पुन्हा बसणारच. मी एका माणसाला मुकं केलं, काउकोला वाटलं. आता दुकानात गिऱ्हाईक येईल, भिंतीवरच्या डोक्याकडे बोट दाखवेल, आणि ओइवा बूच कागदात गुंडाळून देईल. सिर्का विचारेल. सिर्काला काय सांगायचं? आणि या सगळ्यात एक लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या रात्री तो गाढ झोपला. जे जायचं ते गेलं होतं. कपाट रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशीही ओइवा गप्प. त्याने जाळं धुतलं, लाकडं फोडली, मोजे वाळत घातले. पाण्याचा आवाज, लाकडाचा आवाज, दूर कुठेतरी पाणपक्ष्याचा वेड्यासारखा हसण्याचा आवाज. या शांततेची आपल्याला किती वर्षं आस होती, हे काउकोला आठवलं, आणि ती मिळाल्यावर ती अशी अंगावर येईल याचा अंदाज नव्हता. ईवारींबरोबरची शांतता बसायला फळी द्यायची. ही उभं करून ठेवत होती. दुपारपर्यंत त्याला सहन होईना.

"हवा चांगली आहे," तो म्हणाला.

ओइवाने मान हलवली.

"कालही चांगली होती." काहीच नाही. काउकोने घसा साफ केला. "भिंग घासताना पाणी लागतं, तुला माहीत आहे? नुसती पूड चालत नाही. पूड आणि पाणी. आणि हात हलका ठेवावा लागतो, कारण काच रागावते. म्हणजे ती तडकते, पण मी मनात रागावते असं म्हणतो." स्वतःचा आवाज त्याला ओळखू येत नव्हता. सालोकांगासबाई खरं म्हणाल्या होत्या, आवाज बरा होता. तो पुढे गेला. जाड काचेबद्दल बोलला, पातळ काचेबद्दल बोलला, एका म्हातारीला नवा चष्मा लावल्यावर तिने नवऱ्याकडे बघून तो परत कसा केला ते सांगितलं. हे कुणाचं गुपित नव्हतं. हे त्याने स्वतः बघितलेलं होतं, आणि आतापर्यंत कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं. ओइवा कुऱ्हाड मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. घरातलं मांजर एकाएकी भाव विचारायला लागलं तर माणूस जसा बघेल तसा.

"हं," ओइवा म्हणाला.

तो 'हं' ऐकून काउकोला इतका हुरूप आला की तो उडी मारून विषयावरच येऊन पडला. "ओइवा, तुझ्या बाबांचं मन वाईट नव्हतं."

"वाईट होतं असं कोण म्हणालं?"

"मी नाही म्हणालो."

"मग?"

"त्या हाउकीचं म्हणतोय मी. मी जे होडीत बोललो, झोपेत."

ओइवाने कुऱ्हाड खाली ठेवली. "झोपेत तू म्हणालास, 'ओइवा, आता गप बस.' अगदी स्पष्ट. दोनदा म्हणालास. दुसऱ्यांदा 'कृपा करून' म्हणालास."

काउकोचा हात आपोआप तोंडाकडे गेला.

"म्हणून बसलो गप," ओइवा म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता, पण कुठे अडखळत नव्हता. "इतकी वर्षं मी तुझ्याशी बोलतोय. इतर लोक उठून जातात, मला दिसतं ते. तू बसायचास. मला वाटायचं, तुला आवडतं."

"आवडतं मला."

"झोपेत कुणी खोटं बोलत नाही, काउको."

"मी घोरतोसुद्धा झोपेत. त्यावरून काय धरायचं?"

"कृपा करून, म्हणालास."

प्रवासभर ज्या रिकाम्या घरात काउको आपलं असं काहीतरी शोधत फिरला होता, तिथे एक वस्तू होती तर. एकच. आणि ती इतकी क्षुल्लक, इतकी उद्धट आणि इतकी त्याची स्वतःची होती की त्याला हसू यायला लागलं. ते आवरता येईना. ओइवा आधी रागाने बघत राहिला आणि मग त्याच्याही मिशा हलल्या. दोघं खडकावर बसून हसले, डास तोंडात जाईपर्यंत हसले. हसणं ओसरल्यावर ओइवाने डोळे पुसले आणि साध्या आवाजात विचारलं, "आणि बाबांचं काय म्हणत होतास? कुठली हाउकी?"

गप्प बसता आलं असतं. काउकोला ते नीट दिसलं. त्याला गप्प बसायची सवय होती, आणि गप्प बसलेल्याला कुणी फार वेळ विचारत नाही. दोन वाक्यं परत जागेवर जाऊन बसली असती. पण आता तो पूर्ण जागा होता, चार दिवसांत पहिल्यांदा इतका जागा, आणि समोरचा माणूस वाट बघत होता.

"ती तुझी हाउकी," तो म्हणाला. "तुझ्या बाबांनी लावली होती तुझ्या गळाला. तू झाडामागे गेला होतास तेव्हा. त्यांनीच मला सांगितलं, सौनात. मरायच्या आधी."

तळ्यावर वाऱ्याची एक झुळूक आली आणि पाण्यावर शहारा उमटून गेला. काउकोने मोजे बघितले, तंबू बघितला, विझत आलेला विस्तव बघितला. ओइवाच्या तोंडाकडे बघायचं त्याने टाळलं.

"गेलो होतो मी झाडामागे," ओइवा शेवटी म्हणाला. "परत आलो तर बाबांनी काठी हातात दिली आणि 'ओढ' म्हणाले." तो थांबला. "जोर करत नव्हता मासा. मी दुपारभर, दुपारभर म्हणतो, पण तो ओल्या सतरंजीसारखा आला वर. मला तेव्हाच वाटलं होतं, एवढा मोठा आणि इतका दमलेला कसा. पण मग आई रडली, शेजारी आले, मी बोलायला लागलो. मग कोण विचारतो."

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट?" ओइवाने त्याच्याकडे वळून बघितलं. "अरे, बाबा पाण्याला घाबरायचे. अंघोळीच्या पाण्यालासुद्धा. त्यांना साधं जाळं लावता यायचं नाही. त्यांनी ही एवढी हाउकी धरली कशी?"

"ते नाही सांगितलं त्यांनी."

"काय काय सांगितलं? नीट सांग. त्यांचा शब्द न् शब्द सांग." ओइवा गुडघ्यांवर हात ठेवून पुढे सरकला. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि त्यातून काहीही बाहेर पडत नव्हतं. ते फक्त घ्यायला उघडलेलं होतं. काउकोला वाटलं, मी इतकी वर्षं लोकांसमोर असाच बसत असेन का? नाही. मी तोंड मिटून बसायचो.

सांगण्यासारखी दोन वाक्यं होती आणि ती सांगून झाली होती. त्यापुढे वाफ होती. "पहाटे गेले ते," काउको म्हणाला. आपण हे म्हटलं याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "तू उठायच्या आधी. धुकं होतं."

"होडी कुणाची? आमची होडी नव्हती."

"शेजाऱ्याची. न विचारता घेतली."

"बाबांनी? न विचारता?" ओइवाचे डोळे मोठे झाले. "ते दुसऱ्याच्या फाटकाला हात लावायचे नाहीत."

"म्हणूनच तर पहाटे गेले." काउकोच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तो खोटं बोलत होता, आयुष्यात पहिल्यांदाच इतकं सलग, आणि हात हलका राहत होता. "किनाऱ्यापासून लांब जायची हिंमत होईना, तेव्हा होडी दोरीने झाडाला बांधून ठेवली आणि दोरी पुरेल तेवढंच गेले. वल्हं उलटं धरलं होतं, म्हणाले. बूट काढले नव्हते. चामड्याचे चांगले बूट, ओले होतील म्हणून दोन्ही पाय वर बाकावर घेऊन बसले होते."

ओइवा हसला, आणि हसता हसता त्याने तळहाताने तोंड झाकलं. "हो, बूट," तो म्हणाला. "बुटांना फार जपायचे. रविवारचे बूट असणार." "आणि घाबरले नाहीत?"

"घाबरले ना. शिट्टी वाजवत होते."

"कोणती?"

"ते नाही सांगितलं."

"असेल तीच, चामडं कापताना वाजवायचे ती." ओइवाने विस्तवावर दोन फाटे टाकले, किटली ठेवली, कपात कॉफी ओतून काउकोच्या हातात दिली आणि पुन्हा तसाच पुढे सरकून बसला. "मग?"

पुढचं काउकोला काहीच माहीत नव्हतं. तो कॉफी प्यायला. ती फार गरम होती. समोर पाणी पसरलं होतं, त्यावर कधीच न संपणारा उजेड होता, आणि काठापासून थोड्या अंतरावर, दोरी ताणलेल्या होडीत पाय वर घेऊन बसलेला एक घाबरट माणूस त्याला आता अगदी स्पष्ट दिसत होता. काउकोने कप खडकावर ठेवला.

"मग," तो म्हणाला, "जाळं जड लागलं."